बोटीवर नेलेली ओटी

आईनं ओटीचं सामान धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून दिलं आणि नारळ आहे, बॅग आपटू नको म्हणून दोनदा बजावलं. खण होता, मूठ-दोन मूठ गहू होते, हळकुंड, सुपारी आणि हळदीकुंकवाच्या पुड्या. गहू रेशनचे. त्या साली आमच्याकडं गहू पेरायचा प्रश्नच नव्हता, प्यायचं पाणीच टँकरनं येत होतं. पण तिनं ते सुपात घेऊन उजेडात बसून निवडले होते. ही ओटी ज्या बाईंची भरायची होती त्यांना आई कधी भेटली नव्हती. त्या टीव्हीवरच्या एका मालिकेत काम करायच्या.

मालिकेचं नाव इथं लिहीत नाही, बाईंचंही नाही. मालिकेत घरातली सगळी माणसं त्यांना ‘थोरल्या’ म्हणायची. आमच्या गावातही तेच नाव पडलं होतं, म्हणून मीही तेच वापरते.

आमचं गाव फुलंब्रीच्या जवळ, रस्त्यापासून थोडं आत. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पाऊस नसला की वडील कळप घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडं जायचे आणि महिनोन्‌महिने यायचे नाहीत. आई तेव्हा शहराच्या कडेला बांधकामावर जायची. फुलंब्रीकडून शहरात येताना जी शेतं लागायची त्यांत पांढरे दगड रोवून प्लॉट पडले होते आणि इमारती वर चढत होत्या. एकीकडं विहिरी आटलेल्या, दुसरीकडं बांधकामाला पाणी कुठून येतं हे आम्हाला कळत नसे. आई संध्याकाळी घरी यायची, हातपाय धुवायची आणि किराणा दुकानदाराच्या घरी थोरल्यांना बघायला जायची. तिथं पाच-सहा बायका रोज जमत.

मी बारावी झाले तेव्हा देवगाव रंगारीकडचं एक स्थळ आलं होतं. वडिलांना पसंत होतं. मला पुढं शिकायचं होतं, पण तसं मी मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळं हट्ट तरी कसला धरायचा हेही माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात मालिकेत थोरल्यांनी नवरा परगावी गेलेला असताना आपल्या मुलीला शिकायला शहरात पाठवलं. नवरा आल्यावर त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि मग सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई कामावर गेली नाही. तिनं माझी बॅग भरली, काळीपिवळी जीपमध्ये बसवून मला शहरात आणलं आणि कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीपुढं उभं केलं. वडील डोंगराकडं होते. ते आल्यावर आईनं तांब्या ठेवला की नाही हे मी पाहिलं नाही. पुढं बरेच दिवस ते माझ्याशी बोलत नव्हते, पण मला परतही आणलं नाही.

म्हणून ओटी. आईच्या हिशेबी मी कॉलेजात होते ते त्या बाईंमुळं.

हॉस्टेलच्या मेसमध्ये टीव्ही होता. गावाकडं वीज गेली की आईचा भाग बुडायचा, मग मी फोनवर तो सांगायचे. सांगायला सोपं जावं म्हणून बघताना कागदावर लिहून ठेवू लागले. पुढं ते मालिकेच्या चाहत्यांच्या एका पानावर टाकायला लागले आणि लोक वाचू लागले. दुबईहून, इंदूरहून बायका लिहायच्या, आज कामात होते, तुमचं वाचलं आणि बघितल्यासारखं वाटलं. कुणीतरी मला लेखिका म्हटलं. मला तेव्हा फार संकोच वाटला, खरं सांगायचं तर अजूनही वाटतो.

ते पान चालवायच्या एक काकू आमच्याच शहरातल्या निघाल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात आजोबा-पणजोबा भिक्षुकी करत, मग वडील कचेरीत कारकून, आणि आता मुलं परदेशात. त्यांनी मला एकदा घरी बोलावलं, पोहे दिले आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका न रागावता दाखवल्या. मालिका संपली तेव्हा एका पर्यटनवाल्यांनी चाहत्यांची सहल काढली. मुंबईहून गोव्याला बोटीनं जायचं आणि बोटीनंच परत यायचं, सोबत मालिकेतले कलाकार. काकू आणि त्यांची नणंद जाणार होत्या. नणंदेचा पाय मोडला. काकूंनी तिच्या जागी माझं नाव घातलं आणि म्हणाल्या, “चल, लेखिकाबाई. तू नाही लिहिलंस तर कोण लिहिणार?”

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं बोट किती मोठी, बुडते का, असलं काही विचारलं नाही. थोरल्या असणार का, एवढंच विचारलं.

बंदरावर सामान तपासायच्या यंत्रात माझा नारळ दिसला. तिथल्या मुलीनं तो बाहेर काढला, नारळ चालत नाही म्हणाली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकला. त्या टोपलीत आधीच बरेच नारळ होते. म्हणजे ओटी घेऊन येणारी मी एकटी नव्हते. गव्हाची पुरचुंडी तिनं बोटांनी चाचपली, काकूंनी तिला देवाचं आहे म्हणून सांगितलं, आणि ती सुटली. आईनं जपून दिलेला नारळ बोट दिसायच्या आतच गेला होता. मी रडवेली झाले. काकू म्हणाल्या, नारळ नसला तर फळ चालतं, शास्त्रात सगळ्याला तोड असते.

बोट आतून एखाद्या मोठ्या हॉटेलसारखी होती. वरच्या डेकवर मालिकेतल्यासारखा झोपाळा टांगला होता आणि त्यावर बसून फोटो काढायला रांग होती. कितीतरी बायका थोरल्यांसारखी हिरवी पैठणी, मोठी नथ आणि रुपयाएवढं कुंकू लावून फिरत होत्या. जिन्यात एकाच वेळी चार-चार थोरल्या समोरून यायच्या. त्यांतल्या एक सोलापूरच्या, दुसऱ्या नाशिकच्या. थोरल्यांसारखं भाषण करायची त्यांची स्पर्धाही झाली. काकूंनी नथ आणली होती, पण घातली नाही. म्हणाल्या, नाकाला जड होते आणि वय दिसतं.

आमच्या खोलीत न्हाणीघर होतं. मी आंघोळीचं पाणी कचऱ्याच्या डब्यात धरत होते, संडासात टाकायला उपयोगी पडेल म्हणून. काकूंनी ते पाहिलं. त्या खूप हसल्या. अगं, समुद्रात आहोत आपण, म्हणाल्या. मी म्हटलं, समुद्र खारा आहे, हे गोडं आहे. त्यावर त्या हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, बरं, धर.

पहिल्या संध्याकाळी कलाकारांच्या गप्पा होत्या. थोरल्या स्टेजवर आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. केस कापलेले, अंगात पांढरा सदरा आणि पॅंट, कपाळ मोकळं. आवाज मात्र तोच. सगळ्या सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी काकूंना हळूच विचारलं, यांनी कुंकू का नाही लावलं? काकू म्हणाल्या, “अगं, यजमान गेले त्यांचे. बरीच वर्षं झाली. मालिका सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे.”

पुढं स्टेजवर काय चाललं होतं ते मला नीट आठवत नाही. माझ्या डोक्यात आईची पुरचुंडी होती. ओटी सवाष्णीची भरतात, हे आमच्याकडं लहान पोरीलाही माहीत असतं. आईनं बाईंना सवाष्ण समजून ती पाठवली होती, कारण मालिकेतला नवरा जिवंत होता, खुर्चीवर बसून पान खात होता. आता मी ही ओटी नेली तर बाईंच्या दुःखावर बोट ठेवल्यासारखं होईल. आणि नाही नेली तर आईला काय सांगू? तिनं माझ्यासाठी वडिलांचा राग घेतला होता, आणि तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

काकूंनाही ठरवता येईना. त्यांनी स्वतः हे असलं कधीच सोडलं आहे, विधवा मैत्रिणींना त्या हळदीकुंकवाला बोलावतात. पण आपण मानत नाही आणि समोरच्याला बोचत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्या म्हणाल्या. बाईंना ओळखत नसताना कसं जायचं? काकूंनी मला नुसता खण भेट म्हणून द्यायला सुचवलं. ते सोयीचं होतं. पण आईनं खण पाठवला नव्हता, ओटी पाठवली होती.

सकाळी गोव्याचा किनारा दिसायला लागला आणि फोनला रेंज आली. लोक कठड्याशी फोटो काढत होते. मी कोपऱ्यात जाऊन आईला लावला. ती कामावर होती, मागून खडी टाकल्याचा आवाज येत होता. तिनं आधी विचारलं, भरली का? काकूंकडून कळलेलं मी सगळं एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर जमलं नसतं.

आई खडीच्या आवाजापासून लांब सरकली.

“मंग ती रोज कुंकू लावून बसती ती?”

“ते कामापुरतं असतं, आई.”

“कवा गेला?”

“मालिकेच्या आधीच. लई वर्षं झाली.”

“म्हंजी पोरीला शाळंत धाडलं तवा बी नव्हता व्हय,” ती स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली. तिच्या डोक्यात मालिकेतली बाई आणि ही बाई एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मी ते सोडवून सांगायला गेले नाही. मी विचारलं, मग काय करू? मुकादम तिला हाक मारत होता. ती म्हणाली, “मला नाय कळत. तू तिथं हायेस, तू बघ.” आणि फोन ठेवला.

आईनं आजवर मला असं कधी म्हटलं नव्हतं. काय करायचं ते तीच ठरवायची आणि मी करायचे, कॉलेजसुद्धा. मी कठड्याशी बराच वेळ उभी राहिले. मला एवढंच समजलं की मी इथं अंदाज करत बसण्यात अर्थ नाही. ज्यांची ओटी भरायची त्यांनाच विचारावं. त्या नको म्हणाल्या तर आईला तसं सांगता येईल, ते खरं असेल.

दुपारी बहुतेक सगळे गोवा बघायला उतरले. थोरल्या उतरल्या नव्हत्या. मागच्या डेकवर सावलीत पुस्तक वाचत बसल्या होत्या. काकू माझ्यासोबत आल्या, पण चार पावलं मागं थांबल्या. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांना वाटलं फोटो हवाय, म्हणून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं, केसांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्यासाठीचं हसू आणलं. मी म्हटलं, मॅडम, फोटो नको. आणि मग जसं आलं तसं सांगितलं. आई कोण, काय काम करते, माझं स्थळ, त्यांनी मुलीला पाठवलं तो भाग, दुसऱ्या दिवशीची माझी बॅग. शेवटी म्हटलं, आईनं तुमच्यासाठी ओटी पाठवली आहे. तिला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तुम्हाला नको असेल तर मी परत नेईन, त्यात काही नाही.

त्यांनी मधेच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुठला भाग म्हणालीस?”

मी पुन्हा सांगितला, तांब्यासकट.

“नाही गं आठवत,” त्या म्हणाल्या. “दिवसाला आठ-नऊ प्रसंग व्हायचे आमचे. वाक्यं हातात द्यायचे, म्हणायची, पुढचं. खरंच आठवत नाही.”

मला वाईट वाटलं. असं का वाटावं हे सांगता येणार नाही. त्यांना आठवत असेल असं मी कधी ठरवूनही धरलं नव्हतं. पण कुठंतरी धरलं असणार.

त्या समुद्राकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “ही ओटी कुणाची आहे? थोरल्यांची की माझी?”

मी मागं वळून काकूंकडं बघितलं. “सकाळपर्यंत थोरल्यांची होती,” मी म्हटलं. “आता आईला ठाऊक आहे. ती नको म्हणाली नाही. तू बघ म्हणाली.”

“मग तू काय बघितलंस?”

“तुमची आहे.”

त्या हसल्या, मालिकेतल्यासारख्या नाही, जरा वाकड्या तोंडानं. त्यांनी सांगितलं की मालिका चालू असताना गावोगावच्या कार्यक्रमांत बायका त्यांची ओटी भरायच्याच, ढिगानं खण घरी आहेत. पण त्या थोरल्यांच्या वेशात असायच्या, त्यामुळं कुणी विचारायचं नाही आणि त्याही सांगायच्या नाहीत. घरी आल्यावर कुंकू पुसायचं. त्यांच्या स्वतःच्या जावेनं मात्र पुतणीच्या डोहाळजेवणात त्यांना मागच्या खोलीत पानं वाढायला ठेवलं होतं. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस कमी झाला असं सांगावं तसं सांगितलं.

“भर,” त्या म्हणाल्या.

पण भरायची कशात? त्यांना पदर नव्हता. सदऱ्याचं टोक धरून बघितलं, ते पुरेना. त्या स्वतःच हसायला लागल्या. मी माझी ओढणी काढून दिली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी मांडीवर पसरली. मी बिनलग्नाची, म्हणून मी भरावी की काकूंनी, यावर काकूंचं आणि माझं कुजबुजत थोडं झालं. थोरल्यांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, जिच्या आईनं पाठवलंय तिनंच भरायची. काकूंनी नाश्त्याच्या वेळी पर्समध्ये घालून आणलेलं केळं माझ्या हातात दिलं. मी हळदीची पुडी सोडली, मग कुंकवाची, आणि थांबले.

“हळद लाव,” त्या म्हणाल्या. “कुंकू राहू दे. ते मी काम म्हणून खूप लावलंय.”

मी हळद लावली. वाऱ्यानं थोडी त्यांच्या भुवईवर सांडली. मग खण, त्यावर गहू, हळकुंड, सुपारी आणि वर केळं. वाऱ्यानं खण उडायला लागला तेव्हा काकूंनी पुढं येऊन एक कड धरली. एवढंच झालं. झाल्यावर थोरल्यांनी रिवाजाप्रमाणं चार दाणे माझ्या ओंजळीत परत टाकले. तो रिवाज त्यांना अजून पाठ होता. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी माझं कोपर धरून उभं केलं आणि कॉलेजात काय शिकतेस ते विचारलं. मी बी.ए. म्हटलं, मराठी घेऊन. त्या म्हणाल्या, चांगलं आहे, नोकरीचं मात्र बघ.

त्या रात्रीच्या कार्यक्रमात त्या हिरवी पैठणी नेसून, नथ आणि कुंकू लावून आल्या. ते ठरलेलंच होतं, त्यासाठीच लोक आले होते. सभागृह दणाणून गेलं. शेजारच्या नाशिकच्या बाई रडत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या, पण मला सारखी भुवई दिसत होती. हळद पुसलेली होती.

परत आल्यावर पानावर मी बोटीचं सगळं लिहिलं. झोपाळा, स्पर्धा, चार-चार थोरल्या, सगळं. ओटीचं लिहिलं नाही. ते त्यांना विचारलं नव्हतं. आज लिहिते आहे ते नाव न घेता.

घरी गेले तेव्हा आई टँकरचं पाणी भरून नुकतीच बसली होती. तिनं सगळं नीट विचारून घेतलं. खणाचा रंग आवडला का, ओढणी धुतलीस का, केळं पिकलं होतं ना. कुंकू नको म्हणाल्या हे सांगितलं तेव्हा ती मान हलवून “बरं केलं” म्हणाली, कुणी बरं केलं ते मात्र सांगितलं नाही. तो भाग त्यांना आठवत नाही, हेही मी सांगितलं. लपवावं असं वाटलं होतं, पण तिच्याशी खोटं बोलायला जीभ वळली नाही. मग तिनं वेगळंच विचारलं.

“घरी कोन असतं तिला?”

“माहीत नाय.”

“इचारायचं न्हाय का. एकलीच असंल.” तिनं पाय लांब केले. “तिला म्हनाव, इकडं आली तर घरी ये. जेवून जा म्हनाव.”

मी म्हटलं, आई, त्या मुंबईला असतात, त्या कशाला येतील फुलंब्रीला? ती म्हणाली, म्हणायला काय जातंय.

मी काकूंकडून, पर्यटनवाल्यांमार्फत निरोप पाठवला, होता तसा, आईच्या शब्दांत. उत्तर आलं नाही. आई अजूनही मधूनच विचारते, काय म्हणाली का ती. ‘थोरल्या’ म्हणत नाही आता, ‘ती बाई’ म्हणते. मी सांगते, कामात असतील.